चौथ्या भागातली बाई

आई,

त्या बाईचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. चौथ्या भागातली, यानाचं इंजिन बघणारी, बर्फाच्या ग्रहावर मागे राहिली ती. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की माझी लेक आता कॉलेजात जाते आणि तिनं तुला फक्त भिंतीवरच्या फोटोत बघितलंय. तरी हे सांगायचं काम माझ्याकडे तसंच पडून होतं. गेल्या रविवारी राजारामपुरीत एका टेलरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसांनी त्या अंतराळाच्या सिनेमांना मार्क दिले, आणि तिथून घरी आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून बसले.

हो, ते सिनेमे अजून येतात. आपण चार बघितले, त्यानंतर किती आले ते मलाही बोटांवर मोजून सांगावं लागेल. पहिल्या भागातला तो हिरो आता म्हातारा झाला, त्याची मुलगी यान चालवते. माझी लेक आणि तिच्यासारखी पोरं फोनवर एक ग्रुप करून रात्रंदिवस त्यावर भांडतात. कुठला भाग सगळ्यात भारी, कुठला सगळ्यात भंगार. तुला हे ऐकून हसू आलं असतं. कारण कोल्हापुरात हे काम सगळ्यात आधी तू सुरू केलंस, गंगावेशीत, हातात दुधाचा ग्लास धरून.

पहिला भाग आपण ठरवून बघितलाच नव्हता. मी सातवीत होते. तू दवाखान्यातली सकाळची ड्यूटी करून आलीस, चप्पल न काढता उंबऱ्यापाशी बसलीस आणि ताटाकडे बघितलंसुद्धा नाहीस. वॉर्डात कोणीतरी गेलं की तू अशी यायचीस. बाबा गेल्यापासून आपण दोघीच, त्यामुळे तुझं गप्प बसणं घरभर व्हायचं. मग एकदम म्हणालीस, "उठ, तोंड धू. सिनेमाला जाऊया." मी विचारलं, कुठल्या. "जो लागलाय त्या." लक्ष्मीपुरीत तीनच्या शोला तोच लागला होता, हिंदीत डब केलेला. पहिला अर्धा तास तू खुर्चीत झोपून काढलास. मग यान सुटलं, सगळं थिएटर हादरलं, तू दचकून जागी झालीस आणि अंधारात माझं मनगट धरलंस, नाडी बघतात तसं. ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाहीस.

बाहेर आलो तेव्हा ऊन उतरत होतं. चालत गंगावेशीत गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, समोर धार काढून ग्लास हातात देतात. ओठावरचा फेस पुसत तू म्हणालीस, "बरा हाय. स्टेबल." मला आधी कळलंच नाही तू सिनेमाबद्दल बोलतेस. पुढे तीच आपली पद्धत झाली. दुसऱ्या भागात एक अख्खा ग्रह फुटतो आणि पुढच्याच सीनला ती माणसं टेबलाभोवती हसत जेवतात. तू भडकलीस. "एवढी माणसं गेली आणि ह्यांच्या पंगती चालल्यात. ह्याचं काय खरं न्हाय. सिरीयस." तिसरा पुन्हा स्टेबल, कारण त्यात हिरोचा मित्र मरतो तेव्हा हिरो लढाई सोडून त्याच्यापाशी बसतो. यानं किती, स्फोट किती, याच्याशी तुला देणंघेणं नव्हतं. माणूस मरताना त्याच्याजवळ कोण थांबलं, एवढंच तू बघायचीस.

आणि मग चौथा. तोवर मी बी.एस्सी. होऊन एका लॅबमध्ये लागले होते, तरी आपण गेलो तीनच्याच शोला. त्यात यान बर्फाच्या ग्रहावर आदळतं. म्हातारा कॅप्टन इतका जखमी की त्याला हलवलं तर जीव जाईल, आणि थांबलं तर यान बर्फात अडकेल. इंजिनवाली बाई म्हणते, तुम्ही जा, मी थांबते. बाकीचे म्हणतात, आम्ही परत येऊ. पोरगा पायलट यान उडवून नेतो. पुढची वीसेक मिनिटं पडद्यावर दोघंच. ती त्याला घोट घोट पाणी पाजते, फडकं ओलं करून त्याच्या ओठांना लावते, त्याची कूस बदलते, आपल्या गावच्या गोष्टी सांगते. आपल्या मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, "ए, रीळ पुढं घे की." माणसं उठून जायला लागली. तू मात्र पाठ ताठ करून बसली होतीस. माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "कूस कशी बदलली बघितलीस? आधी गुडघा दुमडला. कुणीतरी नीट शिकवलंय तिला." म्हातारा जातो. ती त्याचे डोळे मिटते आणि तिथेच बसून राहते. सिनेमा संपतो.

त्या संध्याकाळी गंगावेशीत ग्लास हातात आले. मीच विचारलं, स्टेबल की सिरीयस. तू म्हशींकडे बघितलंस. "ह्याला न्हाय काय म्हणायचं," म्हणालीस. मग म्हणालीस, "न्यायला येतील न्हवं तिला?" मी म्हटलं, येतील की, पुढच्या भागात. अर्धा ग्लास तू मला दिलास, पोट भरल्यागत वाटतंय म्हणून. तू कधी दूध टाकलेलं मी बघितलं नव्हतं. तुझ्या पोटात गाठ आहे हे त्याच्या आधल्याच आठवड्यात तुला कळलं होतं, हे मला फार नंतर समजलं.

पुढे तुझ्याच वॉर्डात तुला ठेवलं, खिडकीजवळच्या कॉटवर. जिथे तू इतकी वर्षं उभी असायचीस तिथे तू आडवी, हे मला बघवायचं नाही. तुझ्याबरोबरच्या मोठ्या सिस्टर यायच्या, तुझा हात हातात घेऊन वॉर्डातल्या कागाळ्या सांगायच्या, तू हसायचीस. त्या गेल्या की मात्र माझ्याकडे बोलायला काही नसायचं. एका दुपारी तू डोळे न उघडताच विचारलंस, "पाचवा लागला काय गं?"

लागला नव्हता. मी म्हटलं, "लागला. काल बघून आले."

"मग? आलं काय कोण तिला न्यायला?"

"आले."

"कोण?"

"सगळे आले. अख्खं यान घेऊन."

"सगळे कशाला? एकानं यायचं. गर्दी झाली की पेशंट दमतंय."

मग मी म्हटलं, बाकीचे बाहेर थांबले, आत एकटा तो पोरगा पायलट आला. तू मान हलवलीस. "ती चालत गेली, का उचलून न्यायला लागलं?" मी काहीतरी सांगितलं. "आणि त्या म्हाताऱ्याला तितंच ठिवलं?" मी म्हटलं, नाही, त्यालाही आणलं. "मग बरं," म्हणालीस आणि झोपलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. यानात चढल्यावर तिला खायला काय दिलं, तिच्या गावाकडं कोणी कळवलं का, ती पुन्हा कामावर गेली का. मी रोज दुपारी सांगत राहिले. सिनेमा लांबत गेला. मला वाटायचं, मी तुला फसवते आहे आणि ते जमतंय. तुझे ओठ ओले करायचे, मोठ्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे आधी गुडघा दुमडून तुझी कूस बदलायची, आणि मग गोष्ट पुढे न्यायची. तू गेलीस तेव्हाही मी मधल्याच कुठल्यातरी वाक्यात होते.

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मलकापूरकडचे सगळे नातेवाईक आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, आणि मोठ्या सिस्टर मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. दाराशी कोणी नाही हे बघून म्हणाल्या, "तुला एक सांगते, रडू नको. तिला म्हाईत हुतं तो सिनेमा लागला न्हाय त्ये. तू पहिल्यांदा सांगितलंस त्याच संध्याकाळी तिनं माझ्याकडनं पेपर मागून घेतलता. सिनेमाचं पान बघितलं आणि घडी घालून परत दिला." मी विचारलं, मग ती रोज का विचारायची. सिस्टर भांड्यांकडे बघत म्हणाल्या, "म्या बी इचारलं. तर म्हणाली, बोलू दे की तिला. गप बसली की रडती ती."

आई, मी त्या दिवशी रडले नाही. ताटं घासली. दोन दिवस मी फक्त ताटं घासत होते असं आता वाटतं. तुझं पोट दुखत होतं, शब्द उच्चारताना तुला दम लागत होता, आणि तो दम तू मला बोलतं ठेवायला खर्च करत होतीस. मी तुझ्याजवळ थांबले असं जग म्हणतं. कोण कुणाजवळ थांबलं होतं ते मला त्या ओट्यापाशी कळलं.

पाचवा भाग काही महिन्यांनी खरंच लागला. मी एकटी गेले, तीनच्या शोला, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून. अडीच तास बसले. त्या बाईचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही. म्हाताऱ्या कॅप्टनचा फोटो भिंतीवर, त्याला सलाम, आणि सगळे नव्या लढाईला मोकळे. लोक म्हणतात ती नटी सिनेमा सोडून गेली, कोणी म्हणतं लिहिणारेच बदलले. काहीही असो. सहाव्यात नाही, सातव्यात नाही, त्यापुढच्या एकातही नाही. मी प्रत्येक भाग बघितला. शेवटी पडद्यावर नावं सरकतात ना, ती संपून दिवे लागेपर्यंत मी बसायचे. लग्न झाल्यावर हे म्हणायचे, तुला या सिनेमांचं एवढं काय आहे. लेक झाली, मोठी झाली, तीही बरोबर यायला लागली आणि माझ्यापेक्षा वेडी झाली. तिलाही मी काही सांगितलं नव्हतं.

म्हणून ती रविवारी मला त्या हॉलवर घेऊन गेली. नवा भाग येतोय, त्याआधी सगळ्या जुन्यांचा नंबर लावायचा होता. पांढऱ्या फळ्यावर भागांची नावं, दहापैकी मार्क, आणि एकेका मार्कावरून ही भांडणं. खाली रस्त्यावरची माणसं वर बघत होती. हुपरीहून एसटीनं आलेला एक दाढीवाला सगळं चालवत होता. घरी पैंजण करण्याचा कारखाना, पण एकेका यानाची तपशीलवार माहिती तोंडपाठ. चौथ्या भागाची पाळी आली आणि सगळे हसलेच. माझी लेक म्हणाली, "ह्याला काय मार्क द्यायचे? वीस मिनिटं कोण काय करतच न्हाय." सगळ्यात मोठ्यानं तीच हसली.

मी उठून उभी राहिले. का ते मलाही सांगता येणार नाही. म्हटलं, ती करते की. पाणी पाजते, ओठ ओले करते, कूस बदलते. गुडघा आधी दुमडते, तुम्ही बघितलं नसेल. मरणाऱ्याजवळ बसणं म्हणजे काहीच न करणं नसतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता.

तो दाढीवाला मनानं वाईट नाही. अदबीनं म्हणाला, "बसा काकू. सीन चांगला हाय, न्हाय म्हणत न्हाय आम्ही. पण पुढं काय? पुढं दाखवलंच न्हाय न्हवं. आणि खरं सांगू काय, ती मेलीच असणार. बर्फात एकटं माणूस किती दिवस काढतंय?"

कोणीतरी म्हणालं, व्हय की. आणि त्यांनी मार्क घातले. चौथा भाग सगळ्यात खाली गेला.

मेलीच असणार. इतकं सरळ मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी बसले. पदर तोंडाशी धरला तरी रडू थांबेना. इतकी वर्षं मी एका शहाण्या, नोकरी करणाऱ्या बाईसारखी वागले, लग्न केलं, संसार केला, आणि आत कुठेतरी मानून चालले होते की कोणीतरी तिला न्यायला जाणार आहे, फक्त उशीर झालाय.

लेकीनं गाडी घराकडे न नेता रंकाळ्यावर नेली. कट्ट्यावर बसलो. भेळेच्या गाड्या लागत होत्या. ती म्हणाली, "मम्मी, मी काय चुकीचं बोलले काय?" मग मी तिला सांगितलं, जे तुला वर लिहिलं ते सगळं. पेपरचं सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. मग म्हणाली, "तू आजीला काय काय सांगितलंस? तो तुझा पाचवा भाग. पहिल्यापासनं सांग मला."

मी सुरुवात केली. पोरगा पायलट एकटा आत येतो. म्हाताऱ्यालाही आणतात. आणि तिथेच थांबले. तुझे प्रश्न मला शब्दन् शब्द आठवत होते, तू कुठे थांबलीस, कुठे दम घेतलास तेसुद्धा. पुढची माझी उत्तरं मात्र आठवेनात. ती चालत गेली की उचलून नेली, तिला खायला काय दिलं, गावाकडे काय कळवलं, काही नाही. पोरीला म्हटलं, मोठी गोष्ट आहे, पुन्हा कधीतरी सांगते.

हे कुठे पाठवायचं नव्हतंच. लिहायला बसले की येईल एकेक, एवढ्याच आशेनं बसले होते. नाही आठवलं, आई.