मिसरी सोडल्याचं वर्तमान

चि. धुडकूला थोरल्या बहिणीचे, म्हणजे शोभाबाईचे, आशीर्वाद. (बहीण सुरतेला असते, विसरला असशील म्हणून सांगितलं.) मागच्या खेपेला तुझं पाकीट आलं, आत कागदच नव्हता. माझ्या नातीने, चंचलने, दोनदा झटकून पाहिलं. फोनवर तू हो ताई म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून तिला लिहायला बसवलंय. अक्षर तिचं, बोलणं माझं. तुझं पोटाचं दुखणं कसं आहे?

इकडचं मुख्य वर्तमान असं की मी मिसरी सोडली. हसू नको. आपला गोपाल दारू सोडायला दर गुरुवारी कतारगामच्या एका चर्चमध्ये जायला लागला. (गुजरातेत दारूबंदी आहे हे माझ्या लेकाला कोणी सांगितलं नसावं.) मीही गेले, ते लोक देव बदलायला लावतात की काय ते बघायला. फादरना तोंडावर विचारलं, आमच्या कानबाईमातेचं काय? ते म्हणाले, बसवाल तेव्हा मला जेवायला बोलवा. मग मी मागच्या खुर्चीवर पहाऱ्याला बसले. तिथे एकेक जण उठून आपलं व्यसन सांगतो. सगळ्यांचं झालं आणि खोलीत शांतता पसरली. शांतता मला कधी सोसलीये? उठले आणि सांगितलं, चाळीस वर्षं मिसरी लावते. वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही, उलट फादरनी वहीत माझं नाव घातलं. गोपाल उठून म्हणाला, "आई, तू सोडलीस तर मी सोडतो." भर सभेत फसले.

पहिले आठ दिवस मी भांड्यांवर राग काढला. गोपालचे हात थरथरायचे. फादर स्वतः त्याला दवाखान्यात घेऊन गेले. प्रार्थना मी करतो, गोळ्या डॉक्टर देतील, म्हणाले. तिथलाच बन्सीलाल म्हणून एक आहे (त्याची दारू सुटून आठ वर्षं झाली), तो पगाराच्या दिवशी गोपालच्या लूम कारखान्याच्या फाटकावर उभा राहतो आणि गोपालला घरापर्यंत आणून सोडतो. तरी दिवाळीत गोपाल घसरला. मी म्हटलं, आता तिथलं दार बंद. तर गुरुवारी बन्सीलाल त्याला न्यायला हजर, आणि खुर्ची होती तिथेच. कोणी काही विचारलं नाही, चहा दिला. धुडकू, त्या एका चहाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तेव्हापासून चार महिने झाले, गोपालने थेंब घेतलेला नाही. आता तिथला चहा मीच करते. सगळे मला बा (म्हणजे आई) म्हणतात आणि साखर जास्त झाली म्हणून कुरकुरतात.

ता. क. तुझ्या बायकोने पापडांत लपवून पाठवलेली मिसरीची डबी पोचली. बन्सीलालच्या हवाली केली. (आधी वास घेतला. तेही गुरुवारी सांगून टाकलं.)

आणखी एक ता. क. तुझं पोट कशाने दुखतं ते मला कळलंय. तुझी बायको फोनवर रडत होती. माझ्या शेजारची खुर्ची मी फादरना सांगून तुझ्यासाठी धरून ठेवलीये. विसरलो म्हणायची सोय नाही, हे कागदावर आहे. भाकरीचं कळण्याचं पीठ संपलंय, पाच किलो पाठव. कोणाच्या हाती मात्र देऊ नको, तूच घेऊन ये.