आतेबहिणीचं लग्न आणि पश्चिमेचा वारा

बाबा, तुमच्या हिशेबाने हे शरदाचे दिवस. इथे, विषुववृत्ताच्या खालच्या बाजूला, वसंत म्हणतात, पण झाडांना फुलं आली यापलीकडे त्यात वसंतासारखं काही नाही. पाऊस कधीचा झालेला नाही. पश्चिमेकडून कोरडा वारा येतो, गवत कागदासारखं वाजतं, आणि डोंगराकडे उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून आधीच मुद्दाम जाळून ठेवलेल्या रानाचा धूर खाली उतरतो म्हणून खिडक्या बंद. दार तर लॉकडाऊनने बंदच आहे. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही आणि आमच्या स्कोफिल्ड्स उपनगरापासून पाच किलोमीटरवर दुसरी तशीच घरं आहेत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की करोना हा शब्दही तुमच्यापर्यंत पोचला नाही. तो कसा समजावून सांगायचा, याचा विचार करत मी काल बराच वेळ बसले होते. जमलं नाही.

मी काय काम करते ते मात्र तुम्हाला समजवावं लागलं नसतं. तुम्ही पुण्याच्या वेधशाळेत नकाशावर पेन्सिलीने रेषा ओढायचात, मी पाहुण्यांच्या खोलीत दोन स्क्रीन लावून जिल्ह्याजिल्ह्याचा पुढच्या चार दिवसांचा अंदाज लिहिते. तापमान, हवेतला ओलावा, वारा, आणि त्यावरून आगीचा धोका किती. पलीकडच्या खोलीत नवरा मीटिंगमध्ये जोरजोरात बोलतो, जेवणाच्या टेबलावर लेकीची शाळा भरते. मी तिला मराठीत हळू बोल म्हणते आणि ती म्हणते, "I'm on mute, Aai."

गेल्या आठवड्यापासून मला आत्याच्या मुलीचं लग्न आठवतंय. ऑक्टोबरमध्ये उघड्या मैदानावर मांडव घालायचा होता. आत्या आमच्या स्वयंपाकघरात चहाचा कप हातात घेऊन बसली आहे आणि तुम्हाला विचारते आहे की रविवारी पाऊस येईल का, हॉल बघू का. तुम्ही तिला संध्याकाळच्या बातम्यांत ऐकायला सांगता. ती म्हणते, "रेडिओ काय माझा भाऊ आहे?" तुम्ही नुसते हसता. रेडिओने तुरळक सरींची शक्यता सांगितली, जी तो रोजच सांगायचा. रविवारी पंगत बसता बसता असा पाऊस आला की मांडव कोसळायची वेळ आली. आत्याने ओली जिलबी स्वतःच्या हाताने तुमच्या पानात वाढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "याला आणखी वाढा रे, याला ठाऊक होतं." तुम्ही ती खाल्लीत. परतताना स्कूटरवर मी मागून विचारलं, खरंच ठाऊक होतं का. तुम्ही म्हणालात, "माहीत होतं तेवढं रेडिओने सांगितलं. बाकीचं मला वाटत होतं." आणि थोड्या वेळाने, बहुधा सिग्नलला, "वाटलेलं सांगायचं तर सगळ्यांना सांगायचं. घरच्यांना वेगळा अंदाज नसतो."

त्या वयात मला तुमचा राग आला होता. नोकरीला लागले आणि तो नियम मी जशाचा तसा उचलला. इथले मित्र बार्बेक्यूच्या आधी विचारतात, मी त्यांना वेबसाइट बघायला सांगते, ते हसतात.

माझी एक मैत्रीण आहे, वसईची, वेस्टमीडच्या इस्पितळात नर्स. डोंगराच्या पायथ्याशी, रानाच्या कडेला तिने घर घेतलं आहे. तिथून बाहेर पडायला एकच रस्ता आहे आणि तो झाडीतूनच जातो. वॉर्डात एक पेशंट पॉझिटिव्ह निघाला म्हणून ती आणि तिची म्हातारी आई दोघी घरात बंद. मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. बुधवारचा अंदाज नुकताच बाहेर पडला होता. त्यात लिहिलं होतं, दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढण्याची शक्यता. ते वाक्य माझंच होतं आणि माझं नव्हतंही. सकाळच्या कॉलवर मी म्हणाले होते की मला वारा याहून बराच जोराचा वाटतो, धोका एक पायरी वर लिहूया. आमचे सीनियर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, कशावरून. माझ्या बाजूने संगणकाचं एकच मॉडेल होतं, बाकीची विरुद्ध होती. ते म्हणाले, लोक महिनोन्महिने कोंडलेले आहेत, थकलेले आहेत, आत्ता उगाच पळवलं तर उन्हाळ्यात ऐकणार नाहीत. शिवाय निवाऱ्यात गर्दी झाली तर तिथे आजार. मला ते पटलं. म्हणजे मी "ओके" म्हणाले.

मैत्रिणीने आडवळण घेतलं नाही. "अगं, ते वाचलं मी. तू असतीस तर मम्मीला घेऊन निघाली असतीस का?"

मी म्हणाले, मी सांगू शकत नाही.  फोनमध्ये मागे तिच्या आईची माळ चालू होती, पुटपुटणं ऐकू येत होतं. मग मी म्हणाले, "उजाडल्यावर निघ."

म्हणजे तुमचा नियम मोडला. त्या एकाच रस्त्यावर आणखी किती घरं आहेत, मला माहीत आहे, नकाशा माझ्यासमोरच होता. त्यांना मी एक अंदाज दिला आणि मैत्रिणीला दुसरा. फोन ठेवल्यावर मी सीनियरना पुन्हा गाठलं आणि पुन्हा वाद घातला. ते म्हणाले, नवीन काही दिसतंय का? नवीन काही नव्हतं. मैत्रीण म्हणजे काही निरीक्षण नव्हे.

बुधवारी दोघी निघाल्या. आयसोलेशनमधल्या माणसांना कोण घेणार? हेल्पलाइनने त्यांना एका मैदानाच्या पार्किंगमध्ये गाडीतच थांबायला सांगितलं. दुपारी बारालाही आमच्या अंगणातलं पान हलत नव्हतं. मैत्रिणीने आईचा फोटो पाठवला, मास्क लावून गाडीत केळं सोलताना, आणि खाली लिहिलं, कुठे गेला गं तुझा वारा? मी स्क्रीनवरचे वाऱ्याचे आकडे बघत राहिले. दोनच्या सुमाराला एकदम आकडे चढले, झोत आले, दाराच्या फटीतून शीळ वाजायला लागली. तासाभराने दक्षिणेचा गार वारा अपेक्षेपेक्षा कितीतरी आधी घुसला आणि सगळं संपलं. कुठे ठिणगी पडली नाही. अंदाज बरोबर होता की चूक, हे दोन्ही बाजूंनी सांगता येईल, आणि ऑफिसात कुणी विचारलंही नाही. संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मला वाटलं, तुम्हाला आत्याकडून ऐकावं लागलं तसं आता मला ऐकावं लागणार. ती हसत होती. तिची आई मागून ओरडून म्हणाली, "तिला सांग, पुढच्या आठवड्यात पण वारा लिही. निदान घराबाहेर तरी पडले."

मी पण हसले, बाबा. मग फोन ठेवला आणि स्क्रीन बंद करून तिथेच बसून राहिले. दोन वाजता तो आकडा वर गेला तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले होते. माझंच खरं ठरतंय म्हणून मला बरं वाटलं होतं. आणखी वाढू दे, असंही मनात आलं, अगदी स्पष्ट शब्दांत, आणि त्या क्षणी त्या रस्त्यावरचं एकही घर मला आठवलं नाही. नवऱ्याने विचारलं तर मी सांगितलं की मला त्या म्हातारीची काळजी वाटत होती. हे पत्र पाठवायची काही सोय असती, तर हा शेवटचा परिच्छेद काढूनच मी ते तुम्हाला पाठवलं असतं.