आमच्या गल्लीतला बांबू आणि सासूबाईंची मिरवणूक

तुळजापूर, बुधवार

ती. धोंडप्पादादांस,

धाकट्या बहिणीचा, उमादेवीचा, शरणार्थ. वहिनींची कंबर आता बरी असेल. माकणीला धरणावरचं वारं सुटलं की तुमचा खोकला वाढतो, तेव्हा कानाला मफलर बांधत जा (बांधत नसणार, मला माहीत आहे). आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं विचाराल तर काल जे पाहिलं, त्यानं माझी अजून बोबडी वळलेली आहे.

आमची गल्ली तुम्ही पाहिलीच आहे. समोरासमोरून दोन म्हशी आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. तिच्यातूनच यात्रेकरूंच्या मोटारसायकली देवळाकडं सुसाट सुटायच्या. एकदा शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या पायावरून चाक गेलं, तेव्हा गल्लीची कमिटी झाली, तुमचे दाजी अध्यक्ष झाले आणि गल्लीच्या तोंडाला त्यांनी स्वतःच्या हातानं आडवा बांबू बांधला. चाक असलेलं काहीही आत चालवत आणायचं नाही आणि हॉर्न तर मुळीच नाही! दूधवाला सायकल हातात धरून येऊ लागला. बांगड्यांचे दुकानदार आयुबभाई टेम्पो नाक्यावर सोडून मालाची खोकी डोक्यावरून वाहू लागले. दाजी रोज सकाळी बांबूपाशी उभे राहून मिशीवरून हात फिरवायचे.

आणि मग सासूबाईंचे गुडघे गेले. लग्न होऊन आल्यापासून मंगळवारी देवीच्या पाया पडल्याशिवाय त्यांनी घास घेतलेला नाही. देऊळ गल्लीच्या पलीकडं, आणि त्यांना उंबरा ओलांडवेना. मागचे दोन मंगळवार भिंतीला टेकून तशाच बसल्या, संध्याकाळी नुसतं पाणी प्यायल्या. मला ते बघवत नव्हतं, दादा. रिक्षा आणावी तर बांबू. उचलून न्यावं म्हटलं तर म्हणाल्या, "म्या काय मेलेय व्हय, चौघांनी उचलायला?"

तर दाजींनी काय करावं? धाराशिवला जाऊन बॅटरीची स्कूटर आणली! आणि ज्या हातानं बांबू बांधला त्याच हातानं तो सोडायला लागले. त्यांचं म्हणणं असं की हिला धूर नाही, आवाज नाही, मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची, मग हे वाहन कसं? आयुबभाई दुकानातून तसेच उठून दाजींपुढं आले. "महांतप्पा, चाकं हायती का न्हाईत? मग मी बी टेम्पोला वायर लावून आत आणतो की!" इतकी वर्षं सकाळचा चहा एकत्र घेणारी ही दोन माणसं, त्या दिवसापासून एकमेकांकडं पाठ करून चहा पिऊ लागली (चहा एकाच टपरीवरचा).

तरी दाजींनी एक फेरी मारून पाहिलीच. आवाज नसल्यामुळं स्कूटर लक्ष्मीबाईंच्या अगदी पाठीशी जाऊन उभी राहिली. त्यांनी वळून पाहिलं, किंकाळी फोडली आणि ज्या पायानं त्यांना घरात पाटावर बसता येत नाही त्या पायानं त्या थेट ओट्यावर चढल्या. मग मारुतीच्या देवळात मीटिंग. खूप आरडाओरड होऊन ठरलं की सासूबाईंसाठी, म्हणजे चन्नम्मांसाठी, फक्त मंगळवारी स्कूटर जाऊ द्यायची, पण पुढं कुणीतरी आवाज करत चाललं पाहिजे. हॉर्नला बंदी (दाजींचीच). कोपऱ्यात उमाशंकर गोंधळी बसला होता, तो म्हणाला, "मी हाय की, संबळ वाजवत म्होरं चालतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. दादा, एवढी शहाणी माणसं बसली होती, पण तुळजापुरात संबळ वाजला की काय होतं, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

काल संबळ वाजला आणि गल्लीतली सगळी दारं फटाफट उघडली. देवीच्या मिरवणुकीचा छबिनाच आला म्हणून लोक हात जोडून बाहेर. पुढं उमाशंकर, मागं घामानं निथळणारे दाजी आणि त्यांच्या पाठीशी हिरव्या लुगड्यात सासूबाई! लक्ष्मीबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही, त्यांनी आरती ओवाळली. कुणी हळदकुंकू उधळलं, कुणी पायाशी नारळ ठेवले. लातूरकडचे यात्रेकरू रांगेनं पाया पडू लागले. मला वाटलं, सासूबाई आता "अगं मी चन्नम्मा" म्हणतील. कसलं काय! हात वर करून "सुखी ऱ्हावा, सुखी ऱ्हावा" चाललं होतं. आयुबभाईसुद्धा अदबीनं उठून उभे राहिले, आणि मग गाडी ओळखून असे भडकले की विचारू नका. गर्दीत गल्ली तुंबली, देवळाचा दरवाजा समोर दिसत असूनही गाडी पोचली नाही आणि सासूबाई दर्शनावाचून घरी आल्या. नारळांच्या ढिगाशेजारी बसून लहान पोरीसारख्या रडल्या. मग मलाही रडू आवरलं नाही.

संध्याकाळी पुन्हा मीटिंग होऊन संबळ बंद झाला, म्हणजे स्कूटरही बंद. ती अंगणात उभी आहे. घरातल्या थोरामोठ्यांना नमस्कार.

तुमची,
उमा

ता. क. : मीटिंगमध्ये शेवटी आयुबभाईच म्हणाले, "पूर्वी इथनं बैलगाडी जायची, तवा कोण दचकलं का? घुंगरमाळ बांधा गाडीला. अम्माचा मंगळवार चुकाया नको." हे मात्र सगळ्यांना पटलं. गावभर शोधलं, बैलांची माळ कुणाकडंच नाही. तुमच्या गोठ्यात खुंटीला आहे. बैल गेल्यापासून तुम्ही तिला कुणाला हात लावू देत नाही, हे ठाऊक असून मागते आहे.

ता. क. दुसरा : कुणाच्या हाती पाठवू नका. बैल गेल्यापासून तुम्ही माकणी सोडून कुठं निघाला नाहीत, माझ्या दारीही आला नाहीत. मंगळवारच्या आत स्वतः घेऊन या, तुमच्याच हातानं बांधा. मात्र मोटारसायकल नाक्यावर लावून पायी आत या. इथं अध्यक्षांच्या आईला सोडलं नाही, तर तुम्हाला कोण सोडतंय?