पितळेचा जोड

बाबा, तुमची पिकअप परवा कापली. कल्याणला, मिस्त्रींच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. मिस्त्री म्हणजे तुमचेच, ज्यांच्याशी तुम्ही जन्मभर भांडलात आणि ज्यांच्याखेरीज गाडीला कुणाला हात लावू दिला नाहीत. तुम्ही गेल्यावर गाडी मी त्यांनाच देऊन टाकली, कारण मला तिच्यातलं हॉर्नपलीकडे काही कळत नव्हतं. त्यांनी ती इतकी वर्षं चालवली, आणि शेवटी तिची मुदत संपली. गाड्यांना मुदत असते, विनोदी लेखकांना नसते, हे वाचकांचं दुर्दैव. मिस्त्रींचा फोन आला, "तुझ्या बापाची गाडी कापतोय. तोंड बघायचं तर ये." इतक्या सरळ शब्दांत अंत्यदर्शनाला मला कुणी कधी बोलावलं नव्हतं, म्हणून गेलो.

त्या गाडीचं मूळचं पेट्रोल इंजिन निकामी झालं तेव्हा तुम्ही जिथे फिटर होता ती कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं, आणि कल्याणच्या मार्केटमधून ठाण्याला भाजी आणायच्या धंद्यावर घर चालायचं होतं. अपघातात गेलेल्या दुसऱ्या एका मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन तुम्ही आणलंत. ते चार दिवसांत बसलं. ते थंड ठेवायला तीन आठवडे लागले. "इंजिन कुणीही बसवतो," तुम्ही म्हणायचात, "त्याची उष्णता कुठे जाणार, याचा विचार कुणी करत नाही." जुना रेडिएटर पापडासारखा पातळ, तो या इंजिनापुढे टिकणार नव्हता. मग मोठा रेडिएटर आला, त्यासाठी पुढची पट्टी कापली, पट्ट्यावर फिरणाऱ्या पंख्याला जागा उरली नाही म्हणून विजेचा पंखा लावला. पाणी भरायचं तोंड सगळ्यांत उंच राहिलं पाहिजे, नाहीतर आत हवा अडकते, यावर वाद झाला, आणि पुढच्या गोष्टीवर तर दोन दिवस. मिस्त्री म्हणत होते, पाणी अडवणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून द्या, सगळे तेच करतात, पाणी मोकळं फिरेल. तुम्ही म्हणालात, "सगळे करतात म्हणून सगळ्यांच्या गाड्या उन्हात बोनेट उघडून उभ्या असतात. तो व्हॉल्व्ह राहणार. इंजिन आधी तापू दे, मग पाणी सोड. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते." हे वाक्य मला पाठ आहे, कारण त्याची नक्कल करून मी पुष्कळ हशे मिळवले आहेत.

अडलं ते शेवटच्या वीतभर अंतरावर. रेडिएटरचं तोंड मोठं, इंजिनातून पाणी बाहेर पडायचं तोंड बारीक, आणि दोन्हीला बसेल असा रबरी होज बाजारात नाही. मिस्त्रींनी बारीक तोंडावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून वर क्लॅम्प आवळला. मुंब्रा बायपासच्या चढावर तो होज निसटला. मी शेजारी बसलो होतो. बोनेटखालून वाफेचा लोट आला आणि मी म्हटलं, "बाबा, आता इडल्या लावू या का?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा मी कॉलेजातून बाहेर पडून दोन वर्षं काहीच करत नव्हतो, फक्त बोलत होतो. तो शनिवार होता. सोमवारी पहिली फेरी ठरलेली होती, आणि ती चुकली असती तर व्यापाऱ्याने दुसरी गाडी लावली असती.

रविवारी दुपारी तुम्ही घरी आलात ते हसत. होज पुन्हा निसटला नाही. सोमवारची फेरी झाली, पुढच्या शेकडो झाल्या. आणि त्याच सोमवारी आईला वेलची कुटायची होती, तर बत्ता नाही. पितळेचा, आजोळहून आलेला, आईचं माहेरचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला. खल होता ओट्यावर, जिथे रोज असायचा तिथेच. शोधायला वर्तकनगरचं ते घर होतं केवढं? दोन खोल्या, ना गॅलरी ना माळा. खाटेखालच्या ट्रंका काढून झाल्या, तांदळाच्या डब्यात हात घालून झाला. मग जे उरतं ते केलं. जी बाई आठ वर्षं आपल्याकडे झाडूपोछा आणि भांडी करत होती, जिला मी मावशी म्हणायचो, तिला आईने विचारलं.

मावशी कमरेला पदर खोचून ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी आधी खलाकडे पाहिलं, मग आईकडे. म्हणाल्या, "वहिनी, खल ठेवून बत्ता कोण नेईल? मी नेलाच असता तर दोन्ही नेलं असतं ना. नुसत्या बत्त्याचं काय, डोकं फोडू कुणाचं?"

त्या घरात त्या दिवशी बोललेलं हे एकमेव अकलेचं वाक्य होतं, आणि त्यावर मी हसलो. आई म्हणाली, "उलट बोलते वर." तुमच्या हातात चहाचा कप होता. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे ना, एक बत्ता तर." आई म्हणाली, प्रश्न बत्त्याचा नाही, विश्वासाचा आहे. मावशींनी चपला घातल्या आणि त्या गेल्या. तुम्ही त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलात, ते मी पाहिलं. माझा समज असा की तुम्ही चांगले आहात म्हणून गेलात. पुढच्याच महिन्यात तुम्ही आईला मिक्सर आणलात. न मागता तुम्ही आणलेली ती एकमेव भेट. आई आजही पाहुण्यांना तो मिक्सर दाखवते आणि म्हणते, बत्ता गेला आणि यांनी माझं मन ओळखलं.

मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहेच. मी त्यावर लेख लिहिला. 'अर्धी चोरी'. खल ठेवून बत्ता नेणारी बाई, तिचा पदर, तिची चाल, तिचं ते डोकं फोडायचं वाक्य, सगळं जसंच्या तसं. एका दिवाळी अंकात तो छापून आला. कॉलनीत तीन-चार अंक आले होते, ते घरोघर फिरले. आई चोरीबद्दल कुणाशी बोलली नव्हती, तेवढी तिची रीत होती. इमारतीला ते माझ्याकडून कळलं. मावशींकडे आणखी चार घरं होती, ती एकेक करून सुटली. सगळे हसले होते, त्यामुळे कुणाला आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. विनोदाचा हा फायदा असतो. तुम्ही लेख वाचलात, अंक मिटलात आणि म्हणालात, "लिहितोस बरं. पण आधी विचारायचं होतंस." मी विचारलं, कुणाला? तुम्ही गाडीची किल्ली घेऊन खाली गेलात. मला वाटलं, फिटर माणूस, याला विनोद कळत नाही. त्या लेखावर माझं नाव झालं, बाबा. आजवर जे काही खाल्लं ते त्या लेखापासून सुरू होतं.

परवा मिस्त्रींनी माझ्या हातात एक पितळेचा जोड ठेवला. रेडिएटरच्या होजमधून काढलेला. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक, आरपार पोखरलेला, होज सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना वळ सोडलेले. मिस्त्री म्हणाले, "हा तेवढा घेऊन जा. बाकी सगळं गळलं, हा नाय गळला. कलाकार होता तुझा बाप. रविवारी सगळी दुकानं बंद, तर हा घरनं बत्ता घेऊन आलेला. मी बोललो, वहिनी लाटणं घालतील डोक्यात. तर बोलतो, पितळ गंजत नाय, आणि तिला मी नवीन आणून देईन. लेथ मशीनवर उभं राहून स्वतः काढलाय त्याने." मधल्या भागावर तुम्ही हत्यार चालवलं नव्हतं. तिथे काळ्या थरावर अंगठा घासला तर ठिपके लागतात. आईच्या माहेरच्या नावाची दोन अक्षरं शिल्लक आहेत.

मी तिथेच एका टायरवर बसलो. तुम्ही सोमवारीच सांगितलं असतंत तर आई दोन दिवस बोलली नसती, इतकंच. बंद कंपनीतला माणूस बायकोच्या माहेरचं पितळ विकतो, असं कुणी म्हणेल याची भीती वाटली का? की आधी तापू दे, मग सोडू, असं म्हणत राहिलात आणि वेळ निघून गेली? ज्या माणसाने एका व्हॉल्व्हसाठी दोन दिवस भांडण केलं, तो एका बाईसाठी चहाचा कप खाली ठेवू शकला नाही. हे मी छान लिहिलंय, मला कळतंय. तेच तर माझं दुखणं आहे.

आईला सांगितलेलं नाही. काल मावशींना शोधत गेलो. मावशींचा मुलगा मिस्त्रींच्याच गॅरेजात येतो, त्यामुळे त्यांना ठाऊक होतं, त्या कल्याण पूर्वेला त्याच्याकडे असतात. चाळीतली खोली, दारात तुळस. मावशी आता पार वाकल्यात, पण मला पाहिल्यावर ओळखलं, आणि सुनेला चहा टाकायला सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "वहिनींचा बत्ता सापडला का?"

मी म्हटलं, "सापडला."

त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमची ती गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाचून दाखवलेली मला. सगळ्या हसलेल्या. मी पण हसली. आता काय करणार." आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचे बाबा जिन्यापर्यंत आलेले. त्यांना कायतरी बोलायचं होतं. मी दोन पायऱ्या उतरून थांबलेली. तर बोलले, सांभाळून उतरा, पायऱ्या ओल्या आहेत. ओल्या नव्हत्या."

जोड माझ्या खिशात होता. पँट एका बाजूला ओढली जात होती इतका जड. काढून त्यांच्या हातात ठेवायचा, एवढंच काम होतं. मी चहा प्यायलो. निघताना त्यांनी विचारलं, "कुठे सापडला?"

"माळ्यावर," मी म्हटलं.

आठ वर्षं ते बिनमाळ्याचं घर झाडलेल्या बाईला मी हे सांगितलं, बाबा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."