कुंकवाची डबी

रावेर,
चैत्र वद्य पंचमी, १९८८

प्रिय सुनंदा,

पत्र लिहायला बसते आणि उठते. दूध बघून आले, दार बघून आले, उगाच अंगण झाडलं. हल्ली बूड कुठे टेकतच नाही. तू म्हणशील, पुष्पी लहानपणापासून अशीच. नाही गं, ही तगमग वेगळी आहे.

दिवाळीनंतर इंदूरच्या रस्त्यावर यांचा केळीचा ट्रक उलटला आणि हे गेले, तेव्हा माझी कोकिळा धरणगावला मामाकडे होती. आठ वर्षांची पोर, इतक्यात सांगायला नको, असं अख्ख्या गल्लीनं ठरवलं. बाप दिल्लीला गेलाय, केळीचं काम वाढलंय, एवढंच तिला सांगितलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. या गल्लीनं आम्हाला फार सांभाळलं, कितीतरी दिवस घरात चूल पेटू दिली नाही. शेजारचे जीवरामभाऊ मालासोबत दिल्लीला गेले की येताना रिबिनी आणतात, तुझ्या बापानं दिल्या म्हणतात, आणि गोठ्यात जाऊन डोळे पुसतात. ट्रकचा हॉर्न वाजला की पोर दारात धावायची. त्या हॉर्नचा मला अजून संताप येतो.

आणि मी काय करते, सांगू? ती शाळेतून यायच्या आधी कपाळाला कुंकू लावते. ती झोपली की पुसते. सासूबाई तेवढ्यापुरतं भिंतीकडे तोंड करतात. लेक गेलाय त्यांचा, पण एका शब्दानं मला बोलल्या नाहीत.

परवा शाळा लवकर सुटली. कोकिळा दारात आणि माझं कपाळ मोकळं. मी फळीवर डबी शोधायला लागले, हाताला काही सापडेना. तिनं दप्तर ठेवलं, डब्यांच्या मागून डबी काढून दिली आणि माझ्यासमोर आरसा धरला. माझं वाकडं लागलं, तर फ्रॉकच्या टोकानं पुसून तिनंच सरळ लावलं. मग जेवायला मागितलं. तिला सगळं ठाऊक आहे गं, कधीपासून कोण जाणे. हॉर्न वाजला तरी ती हल्ली उठत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी तिला जपत होते आणि ती मला. तेव्हापासून आम्ही दोघी भाजी-भाकरीचंच बोलतो, आणि माझा जीव नुसता वरखाली होतो.

आखाजी तोंडावर आली. अक्षय्य तृतीयेला यंदा पहिल्यांदा यांच्या नावाची घागर भरायची, उंबरठ्यावर कुंकवाचं बोट ओढून, गेलेल्यांची नावं घ्यायची. तुझे वडील गेले तेव्हा तूही एवढीच होतीस. आमच्या धरणगावच्या ओट्यावर येऊन बसायचीस, आणि तू आलीस की मोठी माणसं बोलणं बदलायची. ते तुला कसं लागायचं, तेच कोकिळाला सांग. म्हणून लिहितेय. आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याहून सकाळची एसटी धर आणि ये. यांचं नाव मी आजवर कधी घेतलं नाही, आता तर तोंडातून निघायचंच नाही. ते कोकिळानं घ्यावं. तू नुसती तिच्याजवळ बस. तिनं पितांबर म्हटलं की मी त्याच डबीतलं कुंकू उंबरठ्याला लावीन, आणि त्यानंतर माझं कपाळ तिला मोकळंच दिसू दे.

वाट बघणारी, तुझीच
पुष्पा