पान्क्रात साव्हेलिचचे टोमॅटो

गोर्की, एप्रिल अखेर

प्रिय क्लावदिया मावशीला रोदिओनचा वाकून नमस्कार.

गुडघे कसे आहेत? तिकडे अस्त्राखानला ऊन पडलं असेल. इथे अजून बर्फाचा चिखल आहे. माझी प्रकृती ठीक आहे. (निदान काल सकाळपर्यंत तरी होती. ते पुढे येईलच.)

तू विचारतेस, मी नेमकं करतो काय. सूर्यासारखी भट्टी पेटवायची तर आतला वायू भयंकर तापवावा लागतो. त्यासाठी सूक्ष्मलहरी सोडणारी जाडजूड नळी आम्ही बनवतो. (हे वर्तमानपत्रात छापून आलंय, त्यामुळे हे पत्र उघडणाऱ्या साहेबांनी घाम पुसावा.) नळीची ताकद मोजायची रीत साधी आहे. लहरी वाहत्या पाण्यात जिरवायच्या आणि किती पाणी किती तापलं, ते बघायचं. मॉस्कोचे पाहुणे यायचे होते. ताकद भरली तर आमची नळी भट्टीला लागणार होती, नाहीतर आमच्या खोलीला कुलूप. आणि नेमकी तेव्हाच ताकद रोज थोडी थोडी घटायला लागली.

मला संशय आला. आधी नळीचा, मग चुंबकाचा, मग माझ्या शेजारी बसणाऱ्या इराइदाचा, कारण ती फार गोड हसायला लागली होती. (तिला माझा संशय होता, म्हणून हसत होती, हे नंतर कळलं.) चौकशीला आमचे सुरक्षा अधिकारी पान्क्रात साव्हेलिच आले. त्यांना सगळ्यांचाच संशय असतो, त्यांना पगारच त्याचा मिळतो. घातपात करणारा आतलाच आहे, असं त्यांनी जाहीर केलं. ते अगदी खरं निघालं.

एका दुपारी अंगणात इराइदा माझा हात ओढून म्हणाली, "अहो, वर बघा जरा! माझ्या खिडकीतली टोमॅटोची रोपं काड्या झालीत. आणि ह्या पान्क्रात बाबाच्या खिडकीत जंगल माजलंय! ह्याची खोली तर बर्फाची पेटी आहे!" आम्ही पाण्याची नळी चाचपत गेलो. मोजणीच्या यंत्राआधी तिला एक फाटा फुटलेला होता आणि तो भिंतीतून थेट पान्क्रात साव्हेलिचच्या कुलूपबंद खोलीत जात होता. रोपं वाढतील तसा ते फाट्याचा नळ रोज थोडा जास्त सोडत गेले आणि आता आमचं अर्धं गरम पाणी त्यांच्या रोपांच्या बुडाशी खेळत होतं!

आता ह्या माणसाची तक्रार करायची कुणाकडे? तक्रारी घेतात तेच. म्हणून मी त्यांच्या देखत इराइदाला नुसतं म्हणालो, "ह्या पाण्यात लहरी मुरतात म्हणे. त्यावर वाढलेलं खाल्लं तर टक्कल पडतं." पान्क्रात साव्हेलिचनी डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी फाटा गायब आणि ताकद ठरल्याहून जास्त! पाहुणे खूश झाले. इराइदाने माझ्या गालाचा मुका घेतला. फार बरं वाटलं, मावशी.

सर्वांना नमस्कार.

तुझा भाचा,
रोदिओन

ता. क. : घात झाला. पान्क्रात साव्हेलिचनी ती टकलाची गोष्ट वर कळवली. आमच्या लहरींच्या नळीला लाखेचं सील लागलं आहे. त्या रोपांचे टोमॅटो खाऊन कुणीतरी धडधाकट राहिलेलं दिसल्याशिवाय ते निघणार नाही. मी खातो म्हटलं, तर म्हणाले, "तुमच्यावर भरवसा नाही. नळीशी संबंध नसलेलं, दाट केसांचं माणूस आणा." मावशी, तुझी वेणी अजून कमरेपर्यंत आहे ना? ऑगस्टमध्ये ये. आत यायच्या परवान्याचं पान्क्रात साव्हेलिचच बघणार आहेत. मीठ माझ्याकडे आहे.

आणखी एक : ती गोष्ट मी मनानेच रचली होती, आईशपथ. तू निर्धास्त ये. फक्त येण्याआधी एकदा फोटो काढून ठेव, कारण काल संध्याकाळी माझ्या कंगव्यात जरा जास्तच केस निघाले.