प्रेस शॉपचा साधा फोन

प्रिय स्नेहल,

आधी माझं गाऱ्हाणं ऐक. कंपनीने माझ्या टेबलावर नवा फोन ठेवलाय. बत्तीस बटणं, वर पडदा, आणि दर सोमवारी तो माझी परवानगी न घेता स्वतःचं घड्याळ चार मिनिटं पुढे नेतो. याविरुद्ध मी दोन लेखी अर्ज केले. दोन्हींवर साहेबांचा शेरा आला: ‘पाहिले.’

असले फोन केबिनवाल्यांना, आणि ऑपरेटर म्हणून मला. खाली प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनांच्या खात्यात, मात्र जुना साधा फोनच कंपनीच्या नव्या टेलिफोन एक्स्चेंजला जोडला. खिळ्याला टांगलेला, ग्रीसने काळा झालेला. मोबाईल गेटवर जमा होतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे रांग लागायची. एक जण तर म्हैस व्यायली का हे विचारायला रोज राजगुरुनगरला फोन लावायचा. तुझा ज्योतीराम भाजीत मीठ कमी पडल्याचं तुला कळवायचा. मी साहेबांना सुचवलं की साध्या फोनवरून बाहेरची लाईन बंद करा, शून्य दाबलं की फोन माझ्याकडे येऊ दे, कारण विचारून मी जोडून देईन. साहेब खूश. मीही खूश, दरबार भरवल्यासारखी लाईन वाटत होते.

मग तो मंगळवार आला. प्रेसमध्ये सापडलेल्या ज्योतीरामच्या हाताबद्दल तुला मी काय सांगणार? त्याला अर्धा तास आधी आणलं असतं तर कोपरापासून काढावा लागला नसता, हे डॉक्टर बोलले तेव्हा तू माझाच हात धरून उभी होतीस. कंपनीच्या कागदात आलं की शेजारच्या मशीनवरच्या बाळूने वेळेत कळवलं नाही. तो शपथा घेत राहिला, कुणी ऐकलं नाही. त्याला घरी बसवलं. तो तुझ्या दारात आला आणि तू दार लावून घेतलंस. मला म्हणालीस, “ताई, तुम्ही होतात म्हणून मी उभी आहे.” त्यानंतर तुझ्याकडे डबा घेऊन यायचे आणि तो जिन्यातच ठेवून परत फिरायचे.

बाळूने फोन केला होता, स्नेहल. सात वेळा. मी वर साहेबांच्या वाढदिवसाचा केक वाटत होते. परत आले तर पडद्यावर प्रेस शॉपचे सात मिस्ड कॉल. वाटलं, म्हशीची चौकशी असेल. पुसून टाकले. शेवटी तो धावत गेटवर गेला, तेव्हा कुठे ॲम्ब्युलन्स आली. साहेबांनी मला विचारलं, फोन आला होता का. मी नाही म्हटलं. घरात पगार माझा एकटीचा, एवढंच तेव्हा सुचलं. टेबलावरच्या फोनवरून पुसलं तरी एक्स्चेंजच्या यादीत कॉल राहतात, हे मला माहीत होतं. ती यादी आज छापली. एक प्रत माझ्या सहीच्या जबाबासकट चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली, दुसरी या पत्रासोबत आहे. वकिलाला दाखव. माझ्यासाठी दार उघडू नकोस; बाळूला आत घे. कचेरीतून निघाले, गेटवर मोबाईल परत घेतला आणि निघोजेच्या रस्त्याकडेला उभं राहून त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्याने उचलला. म्हटलं, “बाळूभाऊ, ऑपरेटर बोलतेय. तुमचे फोन आले होते.”

तुझीच, म्हणायचा हक्क उरला असेल तर,
विजयश्री